बोट अडखळतं तिथे

सोमवार, ४

"तुझं बोट माझ्या बोटापेक्षा शहाणं आहे."

सव्वीस वर्षांपूर्वी बाई हे म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी नुकतीच लग्न होऊन आले होते आणि जाऊबाईंच्या मागोमाग बाईंच्या रफूच्या दुकानात शिकायला जाऊ लागले होते. त्या दिवशी बाईंनी पास केलेल्या एका शालीवर मी सहज बोट फिरवलं आणि म्हटलं, इथे काहीतरी आहे. बाईंनी भिंग लावून बघितलं. एक आडवा धागा दोन उभ्यांऐवजी तिघांवरून गेला होता. रफू जाऊबाईंचं होतं. त्या हसल्या, "घ्या, आली माझी सासू," म्हणाल्या आणि शाल उसवायला बसल्या.

एवढ्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. आज ते पुन्हा आठवायचं कारण म्हणजे बाई महिनाअखेरीला लेकीकडे राहायला जाणार, कायमच्या. दुकान आम्हा दोघींवर सोडणार. आणि खिडकीजवळची त्यांची खुर्ची दोघींपैकी एकीला देणार. कुणाला, ते सांगितलं नाही. "बघते," म्हणाल्या.

बघते म्हणजे काय? बघायचं काय उरलंय?

आमच्याकडे रफू डोळ्यांनी पास होत नाही. डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचं. बोट अडखळलं नाही तर काम पास. स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. बाईंचे हात थरथरायला लागले तेव्हापासून सहा वर्षं जाऊबाईंचं काम मी पास करते. माझं बाई करतात. मग खुर्ची कोणाची?

ही वही नवऱ्याने आणून दिली. "मनातलं हिच्यात लिही," म्हणाला, "रोज माझ्या कानात ओतलंस तर माझ्या वहिनीशी मला बोलता यायचं नाही."

मंगळवार, ५

दुकानात एक पोरगी आली. पोरगी म्हणजे तिशीची असेल, विद्यापीठात मेंदूवर संशोधन करते. हातात वडिलांचा करडा लोकरी कोट. वडील गेल्या वर्षी गेले. कोट कपाटात राहिला आणि कसर लागली. पाठीवर पाच भोकं आणि डाव्या खिशाच्या वर एक मोठं, करंगळी जाईल एवढं. एकोणतीस तारखेला तिला कसलंसं पारितोषिक घ्यायला थंडीच्या गावी जायचंय, तिथे हाच कोट घालायचाय.

मी नेहमीप्रमाणे प्रत्येक भोकाभोवती लाल धाग्याची चौकट घातली, कच्च्या टाक्यांची. चौकट मीच घालते. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते, त्यामुळे चौकट कुणाची हे कुणी विचारत नाही. काम पास झाल्यावरच ती काढायची.

कोट बाईंनी जाऊबाईंना दिला. मला नाही. मला एक ब्लेझर दिला. ब्लेझर.

मी डोळे मिटून एक स्वेटर तपासत होते, ते ती पोरगी बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही दोघी आमच्या प्रयोगशाळेत याल का? वय वाढताना स्पर्शाचं काय होतं, ते आम्ही मोजतो. हातांनी काम करणारी माणसं मिळतच नाहीत."

जाऊबाई म्हणाल्या, "माझं वय मोजून झालंय गं, त्रेसष्ट." पण झाल्या की लगेच तयार. मी बावन्न. मला काय भीती?

शुक्रवार, ८

गेलो. आधी बोगद्यासारख्या यंत्रात झोपवलं. मेंदूतलं एक रसायन मोजतात म्हणे. आत इतकी ठकठक की मला दोनदा बाहेर काढावं लागलं. जाऊबाई आत झोपल्या. अक्षरशः झोपल्या, घोरण्याचा आवाज माईकमधून बाहेर आला. सगळे हसले. मीही हसले, पण मला तसं हसू येत नव्हतं.

मग पडद्याआड हात ठेवायचा आणि बोटाच्या टोकावर ती पोरगी लहान लहान खुंट्या टेकवणार. खुंटीवर रेघा कोरलेल्या. रेघा उभ्या की आडव्या, सांगायचं. दर खुंटीला रेघा आणखी बारीक. सुरुवातीला मला सोपं गेलं. पुढे पुढे शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, पंखा करकरत होता, त्या पोरीच्या बांगडीचा आवाज होत होता. अशात कोण सांगेल?

शेवटी कानाला यंत्र लावून गोंगाटात बोललेली वाक्यं परत म्हणायची. त्या ध्वनिफितीतली बाई पुटपुटत होती. हल्ली सगळेच पुटपुटतात. नवराही. दुकानात गिऱ्हाईकसुद्धा. जाऊबाईंच्या त्या रेडिओपायी तर काही ऐकूच येत नाही. मी बंद करा म्हटलं की त्या बंद करतात, पण मी जेवून येईपर्यंत पुन्हा चालू.

शनिवार, ९

ब्लेझर झाला. बाईंनी पास केला. लगेच नाही, जरा वेळ बोट ठेवून.

मंगळवार, १२

पोरगी निकाल घेऊन दुकानातच आली. कोट कुठवर आला तेही बघायचं होतं.

तिने आधी समजावलं. मेंदूत शेजारशेजारच्या पेशी सारख्या बोलत असतात. त्यांना आवरणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं. त्याचं काम म्हणजे नको त्यांना गप्प बसवणं, म्हणजे हवं ते नीट कळतं. वय वाढतं तसं ते बहुतेकांत कमी होत जातं. बोट तेच असतं, कातडी जवळपास तीच, पण आत गलका वाढतो.

जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे सासूबाई गेल्यावर घर झालं तसं."

ती पोरगी इतकी हसली की तिला पुढचं बोलता येईना. माझ्या बोलण्यावर कुणी असं हसत नाही.

मग म्हणाली, "इतक्या बारीक रेघा साठीनंतर ओळखणारं मी अजून कुणी पाहिलं नव्हतं. काकू, तुमचं बोट पस्तिशीतलं आहे."

काकू म्हणजे जाऊबाई.

मी विचारलं, "आणि माझं?"

"तुमच्या वयाला अगदी व्यवस्थित आहे."

तुमच्या वयाला. एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल बोलतात तसं. तिच्या हातातल्या कागदावर दोन ओळी होत्या, मी वाचल्याच. रसायनाचा आकडा जाऊबाईंचा जास्त, माझा कमी. अकरा वर्षांनी लहान असून कमी. कागद बघताना तिने मला पकडलं आणि म्हणाली, "एका माणसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका हं. थकवा, झोप, त्या दिवसाची मनःस्थिती, सगळ्याचा परिणाम होतो. आम्ही शंभर माणसं मोजतो तेव्हा कुठे काही म्हणता येतं."

ते तिने मला सांगितलं. जाऊबाईंना नाही सांगितलं, त्यांच्या आकड्यावरून काही ठरवू नका म्हणून.

बाई हे सगळं ऐकत खुर्चीत बसल्या होत्या.

बुधवार, १३

घरी जाऊबाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही. खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात, वर आम्ही. जेवायला वर आल्या आणि गुडघ्याबद्दल बोलत बसल्या. सांगितलं असतं तर मला त्यांना मिरवणाऱ्या म्हणता आलं असतं. तेवढंही ठेवलं नाही त्यांनी माझ्यासाठी.

शेवटी मीच नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनीचं बोट पस्तिशीचं, मग गुडघे कुणाचे?" आणि दोघं दीर-भावजय खिदळायला लागले.

लग्न झालं तेव्हापासून असंच आहे. सासूबाई शेवटच्या दिवसांत पाणी त्यांच्याच हातून प्यायच्या. माझा मुलगा पहिलं पाऊल त्यांच्याकडे टाकत गेला, मी दोन हातांवर बसलेली असताना. माझ्याजवळ एकच गोष्ट होती जी त्यांच्याजवळ नव्हती.

गुरुवार, १४

जाऊबाईंनी बाईंकडून दुकानाची चावी मागून घेतली. सकाळी तासभर आधी जातात. का, विचारलं तर म्हणाल्या, "सकाळचा उजेड बरा असतो." अठ्ठावीस वर्षं उजेड बरा नव्हता वाटतं? खुर्ची मिळवायची तर सरळ मागावी माणसाने.

मंगळवार, १९

आज कोटाची सगळी सहा भोकं भरून माझ्यापुढे आली.

पाठीवरची पाच मी पास केली. खिशावरच्या मोठ्यावर बोट फिरवलं. रेडिओवर कुणीतरी शेतीच्या अवजारांची माहिती सांगत होतं, बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. वरच्या कोपऱ्यात बोट अडखळलं.

"जाऊबाई, इथे आहे काहीतरी."

त्यांनी स्वतःचं बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. "असेल," म्हणाल्या आणि कोट घेऊन गेल्या.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. पस्तिशीचं बोट, आणि नापास. बाईंनी खुर्चीतून मान वर केली तेव्हा मी मुद्दाम जरा मोठ्याने म्हटलं, "काही नाही, थोडंसंच आहे, होईल."

आता लिहिताना मात्र विचार येतो. अडखळलं म्हणजे कसं अडखळलं होतं? धागा वर आलेला जाणवला, की नुसतं थांबल्यासारखं वाटलं? मला सांगता येत नाही. बोटाला नक्की काहीतरी झालं होतं. पण मला ते व्हायलाही हवं होतं.

शुक्रवार, २२

कोट पुन्हा आला. पुन्हा तोच कोपरा, पुन्हा अडखळलं. आज तर जास्तच. मी "नाही" म्हटलं आणि हात मागे घेतला.

जाऊबाई म्हणाल्या, "बरं."

एवढंच? दोनदा उसवायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. लोकर दमते. धागा कोटाच्याच आतल्या दुमडीतून काढावा लागतो, तो काही अमाप नसतो. मी दुमड बघितली. पहिल्या दिवसापेक्षा जास्त धागा काढलेला दिसला नाही. उसवलेल्या धाग्यांचा एक तुकडाही त्यांच्या टेबलाखाली नव्हता. किती काटकसरीने आणि स्वच्छ काम करते ही बाई. मला त्याचाही राग आला. माझ्या टेबलाखाली बघा, कोंबड्यांनी उकरल्यासारखं.

घरी येताना त्यांनी माझी पिशवी घेतली. "तुझं डोकं दुखतंय ना," म्हणाल्या. मी दिली नाही. मग दोघी एकेक बंद धरून चालत आलो, भांडणाऱ्या पोरींसारख्या.

रविवार, २४

सुट्टी. स्वतःच्या बोटांना दोन सुया टेकवून बघितल्या, डोळे मिटून. जवळ जवळ आणत गेले. एका अंतरानंतर दोनाची एक होते. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, तू स्वतःला टोचून घेतेयस?" त्याला सांगितलं, सुईत दोरा ओवतेय.

डोळे मिटले की दुसरंच ऐकू येतं. खालच्या मजल्यावरचं भांडं, पाण्याची मोटार, आणि ते "काकू, तुमचं बोट". त्या पोरीने सांगितलं ते रसायन जर गप्प बसवणारं असेल, तर माझ्याकडे ते कमी आहे हे यंत्राशिवायही कळलं असतं. एक गोष्ट मनात आली की ती गप्प बसतच नाही.

सोमवार, २५

आज दुपारी जाऊबाई तिसऱ्यांदा कोट घेऊन आल्या. बाई झोपल्या होत्या. रेडिओ बंद होता. समोरचं दारही त्यांनी लोटून घेतलं होतं, गार वारा येतो म्हणून म्हणाल्या. वारा नव्हता.

मी बोट फिरवलं. एकदा, दोनदा. उलट्या दिशेने. काही नाही. पाण्यावरून फिरवावं तसं गेलं बोट.

"पास," मी म्हटलं. म्हणताना वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग रिवाजाप्रमाणे चौकट काढायला घेतली. लाल धागा उचलला, गाठ शोधली. गाठ उलटी होती. माझी.

रफू उसवायचं असेल तर आधी चौकट कापावी लागते, कारण रफूच्या धाग्यांची टोकं चौकटीच्या टाक्यांखाली दडवलेली असतात. नवी चौकट जाऊबाईंनी घातली असती तर गाठ सुलटी असती. ही पाच तारखेची, मी घातलेली चौकट होती, जशीच्या तशी.

गाठ तशीच धरून मी वर बघितलं. जाऊबाई आपल्या टेबलाशी जाऊन कुणाच्या तरी पॅन्टचा गुडघा भरत होत्या.

"तुम्ही उसवलंच नाहीत," मी म्हटलं.

"उसवायला काय होतं त्यात?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर काय केलं असतंस?"

भांडले असते.

"धाकटे," त्या वर न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी तुझं डोकं दुखत होतं आणि ट्रक ओरडत होता. शुक्रवारी तू रागावलेली होतीस. आज जरा शांत दिसलीस, म्हणून आणला."

"आणि आजही नापास केलं असतं तर?"

"उद्या आणला असता."

"मग रेडिओ? मी बंद करायला लावते तो पुन्हा चालू का करता?"

"तो तू जेवायला जातेस तेव्हा लावते गं. तू येतेस तेव्हा बंदच करते. परवा विसरले दोनदा, अवजारं ऐकत होते."

"तुम्हाला कशाला हवीत अवजारं?"

"आवाज छान होता त्याचा."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू. तेव्हा बाई जाग्या झाल्या आणि विचारलं, काय झालं. जाऊबाई म्हणाल्या, "कोट पास झाला."

मंगळवार, २६

ती पोरगी कोट घेऊन गेली. दुकानात घालून आरशात बघितलं, बाह्या लांब होत होत्या. खिशावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कुठे होतं ते भोक?" आम्ही दोघींनी एकदम वेगवेगळ्या जागी बोट दाखवलं. ती गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "तुझी जागा बरोबर होती." मला माहीत नाही कुणाची बरोबर होती.

बुधवार, २७

आज मी सकाळी सातलाच दुकानात गेले. दार उघडं होतं. आवाज न करता आत गेले.

जाऊबाई दिव्याखाली बसल्या होत्या. पुढ्यात काल माझ्या हातून पुरा झालेला, बाईंनी पास केलेला जांभळा स्वेटर. त्यांनी कोपराजवळची माझी वीण दोन बोटं उसवली होती आणि परत भरत होत्या. माझ्याच पद्धतीने, डाव्या हाताने ओढल्यासारखा ताण देत, म्हणजे कुणाला कळू नये.

मी तशीच बाहेर आले. कोपऱ्यापर्यंत चालत गेले, आणि पुन्हा आले, या वेळी चप्पल वाजवत. तोवर स्वेटर घडी होऊन फळीवर गेला होता. "लवकर आलीस," म्हणाल्या. "उजेड बरा असतो," मी म्हटलं.

चावी मागून घेऊन दोन आठवडे होतील. त्याआधी त्या हे कधी करत होत्या? संध्याकाळी बहुतेक वेळा मी पुढे निघते आणि त्या "आलेच" म्हणत मागे राहतात, त्याला तर दोन वर्षं होतील. मला वाटायचं बाईंशी गप्पा मारतात.

आणि बाईंचं बोट? थरथरतं बोट माझं काम पास करत होतं आणि मी त्यावर खूश होते.

दुपारी बाईंनी दोघींना बोलावलं. खुर्ची मला दिली. "हिने सांगितलं मला," जाऊबाईंकडे बघून म्हणाल्या, "धाकटीला द्या, मला खिडकीतून ऊन लागतं."

मला जे हवं होतं ते मिळालं, आणि मिळालं त्यांच्याकडून. आयुष्यभर हेवा केला तो त्यांच्या केसांचा, हसण्याचा, सासूबाईंचा, मग बोटाचा. आता कशाचा करू? या असल्या मनाचा करते. हे त्यांच्याकडे इतकं आणि माझ्याकडे इतकं कमी का, हे कुठल्या यंत्रात मोजतात?

नवरा म्हणतो, पेढे कधी. मी म्हटलं, दात दुखतोय.

गुरुवार, २८

खुर्चीत बसले नाही आज. बाई आहेत अजून, असं कारण दिलं.

रात्रभर विचार केला, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे झोपले. खूप दिवसांनी गाढ.

उद्या त्यांच्या आधी दुकानात जाणार आहे. नवा ब्लेझर आलाय, कोपरावर भोक. मी भरेन, आणि त्यांच्यापुढे ठेवेन, आणि जे म्हणायचंय ते एका दमात म्हणेन, नाहीतर मला फिरवून दुसरीकडे नेतील. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे अडखळणार नाही.

जाऊबाई, खुर्चीत तुम्ही बसा. उन्हाला पडदा लावू. माझं काम तुम्ही तपासा, मी समोर उभी असताना, आणि बोट थांबलं तर थांबलं म्हणा. बाईंसमोर म्हणा, गिऱ्हाइकासमोर म्हणा. उसवायचं मला द्या. सकाळी लवकर येऊन गुपचूप नीट करू नका. तुमचं काम मी तपासेन, पण रेडिओ बंद करून, दार लावून, डोकं दुखत नसताना. आणि माझ्या बोटाचा भरवसा नसेल त्या दिवशी मीच सांगेन. तुम्ही मला एकदा, फक्त एकदा, तोंडावर नापास करा.

त्या नाही म्हणतील. हसतील, "वेडी आहेस" म्हणतील, ब्लेझरवर बोट फिरवतील, आणि त्यात काही असलं तरी म्हणतील, छान झालंय गं धाकटे. तरी मी विचारणार आहे.